लोणच्याची बरणी आणि घुंगरू

एप्रिलमधली दुपार. अमरावतीचा पारा ४४ च्या पुढे गेलेला. कूलरमध्ये पाणी भरून मी नुकतीच आडवी झाले होते, तेवढ्यात अकोल्याहून फोन आला.

"ताई, झोपल्या तं नव्हत्या?"

"नाही हो वहिनी, बोला."

"तुम्हीच सांगा वो आता हिले. तुमचं आयकते ते. नोकरी सोडून राहिली म्हने. इतकी चांगली कंपनीतली नोकरी! अन् सोडून काय करणार, तं म्हने नाच शिकवीन. पूर्णवेळ! यासाठीच का इंजिनीअर केलं होतं पोरीले? अन् अमेरिकेत पाठवलं होतं?"

वहिनींचा आवाज रडवेला झाला होता. "मी तिच्याशी बोलते आधी, मग तुम्हाला सांगते," असं म्हणून मी फोन ठेवला. पण मग डोळा काही लागला नाही. कारण त्या पोरीच्या पायात पहिल्यांदा घुंगरू बांधले ते मीच.

मैत्रिणींनो, अकोला माझं माहेर आणि अमरावती सासर. कथक शिकले अकोल्यात, लग्न होऊन आले अमरावतीला. १९८५ मध्ये घरातल्याच पुढच्या खोलीत क्लास सुरू केला. नंतर दर शनिवार-रविवारी माहेरीही क्लास घ्यायला लागले. शनिवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, अकोल्याला उतरून आईच्या हातचं जेवायचं, संध्याकाळी आणि रविवारी सकाळी क्लास, की परत. महिन्याची फी ३० रुपये. तीही काही जणी दोन महिन्यांनी आणून द्यायच्या. तबलजी परवडायचा नाही. मी मांडीवर हात आपटून बोल म्हणायची आणि पोरी नाचायच्या.

त्यातच ही एक. सात वर्षांची, दोन वेण्या, अंगानं काटकुळी. पण सोळा मात्रांच्या तीनतालात तिचा पाय कधी चुकायचा नाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ती भराभर देत गेली. दहावीत गेली तेव्हा मीच तिला म्हटलं, "यंदा बंद ठेव क्लास. वर्षभर अभ्यास कर." सगळेच क्लासवाले सांगतात तसं. अशा थांबलेल्या दहातल्या नऊ पोरी पुन्हा येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं. ही मात्र अकरावीला परत आली. इंजिनीअरिंग करता करता विशारद झाली. २००६ मध्ये लग्न होऊन नवऱ्यासोबत न्यू जर्सीला गेली. जाताना पाया पडायला आली, तेव्हा मी विचारलं, "घुंगरू घेतले का ग?" तर म्हणाली, "बॅगमध्ये जागाच नाही ताई. आईनं लोणचं, कुरड्या, तिखट सगळं भरलंय."

ते घुंगरू अकोल्यातच राहिले. कपाटावर, जुन्या उशीच्या अभ्र्यात.

या सगळ्यात माझं स्वतःचंही एक प्रकरण आहे. आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. आपलं सरकार भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत परदेशातल्या भारतीय सांस्कृतिक केंद्रांवर नृत्य-संगीताचे शिक्षक पाठवतं. ही परिषद १९५० मध्ये मौलाना आझादांनी सुरू केली. गयाना, सुरिनाम अशा दूरच्या देशांत, जिथं आपले लोक शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मजूर म्हणून गेले, तिथं अशी केंद्रं निघाली. १९८४ च्या सुमारास माझ्या गुरूंनी मला त्यासाठी अर्ज करायला सांगितलं. कोरा अर्जसुद्धा हातात दिला. तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. तो अर्ज मी कपाटातल्या साडीखाली ठेवला आणि भरलाच नाही. कुणी अडवलं का? नाही. पण "भर" असंही कुणी म्हटलं नाही. निवड झाली असती की नाही, देव जाणे. पण न भरलेल्या अर्जाचा निकाल माणूस आयुष्यभर शोधत राहतो, एवढं मात्र खरं.

त्यामुळे वहिनींचा फोन आला तेव्हा मला दोन्ही बाजू कळत होत्या. आईची काळजी कळत होती, आणि पोरीची धडपडही.

परदेशात जाऊन नाचणाऱ्या मराठी बाईची गोष्ट आजची नाही. अमरावतीत बर्लिनचं नाव काढलं, की जुनी माणसं लगेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण सांगतात. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं गेलं आणि त्यांनी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. त्याचा आम्हा अमरावतीकरांना केवढा अभिमान! पण त्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये आणखी एक भारतीय पथक होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते होतं मादाम मेनका यांचं नृत्यपथक. तिथं भरलेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत या पथकानं तीन मानाची बक्षिसं मिळवली.

मेनका म्हणजे मूळच्या लीला रॉय. जन्म बारिसालचा, १८९९ चा. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक डॉ. साहिबसिंग सोखी यांच्या त्या पत्नी. 'चांगल्या घरातल्या बाईनं नाचायचं नाही' असा तो काळ. त्या काळात त्यांनी कथक शिकून स्वतःचं पथक उभं केलं आणि १९३६ ते १९३८ या काळात युरोपात शेकडो प्रयोग केले. या पथकात एक चिमुरडी मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. मुंबईत १९२८ मध्ये जन्मलेली. आपल्या पोरी चौथी-पाचवीत असतात त्या वयात ही युरोपच्या राजधान्यांमधून नाचत होती.

मला मात्र या गोष्टीत दमयंतीपेक्षाही तिच्या आईचं कौतुक वाटतं. त्यांचं नाव वत्सला जोशी. मेनकाबाईंचं स्वतःचं मूल गेलेलं होतं. दमयंतीला दत्तक घ्यावं असं त्यांच्या मनात होतं. वत्सलाबाईंनी मुलगी देऊन टाकायला नकार दिला, पण तिला अडवूनही ठेवलं नाही. दोघींनी मिळून तिला वाढवायचं ठरवलं. एकीनं जन्म दिलेला, दुसरीनं नाच दिलेला. त्या काळात एका मराठी आईनं हा मार्ग काढला, म्हणजे तिच्या मनाची केवढी ओढाताण झाली असेल, नाही?

या दमयंतीबाई पुढे लखनौ घराण्याच्या अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज यांच्याकडे आणि जयपूर घराण्याच्या हिरालालजींकडे शिकल्या. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० मध्ये पद्मश्री. त्या कथक साडी नेसून करायच्या. तो पायंडा त्यांचाच मानतात. खैरागडच्या विद्यापीठात आणि लखनौच्या कथक केंद्रात त्यांनी शिकवलंही. आपल्या गुरूवर, म्हणजे मेनकांवर, पुस्तक लिहिलं. २००४ मध्ये मुंबईत त्या गेल्या.

दुसरं नाव रोहिणीताई भाटे यांचं. १९४७ मध्ये त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली आणि घराघरातल्या मुली कथककडे वळवल्या. १९५२ मध्ये त्या भारत सरकारच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला गेल्या. तिथंही नाचून परत आल्या असं नाही, तर तिथल्या जुन्या ग्रंथांतून आपल्या नृत्य-नाट्याविषयी काय सापडतं, याचा शोध घेतला. २००८ मध्ये रोहिणीताई गेल्या.

आणि सोनल मानसिंग. त्या गुजराती, पण आपल्या विदर्भाचं त्यांच्याशी नातं आहे. त्यांचे आजोबा मंगलदास पक्वासा मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे राज्यपाल होते. सोनलताईंनी चार वर्षांच्या असताना नृत्याचे पहिले धडे घेतले ते नागपुरात, मणिपुरीचे. १९७४ मध्ये जर्मनीत मोटार अपघातात त्या जबर जखमी झाल्या. आता नाच संपला, असं डॉक्टर म्हणत होते. कॅनडातल्या एका डॉक्टरांच्या उपचारांनी आणि स्वतःच्या जिद्दीनं त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. नर्तकीचं भांडवल म्हणजे तिचं शरीर. परक्या देशात तेच मोडलं तर काय, ही भीती प्रत्येकीच्या मनात असते. घरच्यांच्या तर असतेच असते.

ही झाली मोठी माणसं. आमची अकोल्याची पोरगी काही दमयंती जोशी नाही. पण परदेशात कथक-भरतनाट्यम् टिकलंय ते मोठ्या कलाकारांच्या दौऱ्यांइतकंच हिच्यासारख्या शेकडो जणींच्या शिकवण्यांवर. कलाकार येतो, दोन तास नाचतो, टाळ्या घेऊन जातो. दर रविवारी पोरींच्या घोट्याला घुंगरू बांधणारी तिथंच राहणारी असते.

२०१३ मध्ये सुनेच्या बाळंतपणासाठी मी चार महिने न्यू जर्सीला होते. तेव्हा हिचा क्लास बघितला. एका ओळखीच्या घराचं बेसमेंट. एका कोपऱ्यात कपडे धुण्याचं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात मुलांच्या सायकली. जमिनीवर गालिचा. गालिच्यावर घुंगरू म्हणजे पाण्यात वाजवलेली टाळी! म्हणून हिनं प्लायवूडच्या फळ्या आणून त्यावर पसरल्या होत्या. नऊ पोरी. तबला-पेटी इलेक्ट्रॉनिक, लेहरा मोबाइलवर. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत 'ता थेई थेई तत्'. मला एकदम अकोल्यातली आमची शेणानं सारवलेली पडवी आठवली.

तेव्हा ही पैसे घेत नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तिथं कमाई करायची परवानगी नव्हती. इंजिनीअर पोरगी, पण सात वर्षं घरात. "ताई, फॉर्मवर व्यवसायाच्या जागी काय लिहू, तेच कळत नाही," असं ती एकदा फोनवर म्हणाली होती. त्याच काळात तिनं आईकडून कुरियरनं घुंगरू मागवले. आईनं दुसरंच सामान पाठवलं, घुंगरू राहून गेले. मग तिथंच कुणाकडून तरी विकत घेतले आणि चार मैत्रिणींच्या मुलींना फुकट शिकवायला लागली. "मी शिकवत नव्हते ताई, मी वेडी होऊ नये म्हणून नाचत होते," असं नंतर तिनं मला सांगितलं. २०१५ मध्ये तिथला नियम बदलला. ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलंय, अशा बायकांना कामाचा परवाना मिळायला लागला. हिलाही मिळाला. नोकरी लागली. क्लास शनिवार-रविवार चालू राहिला, आता रीतसर फी घेऊन.

तिथं शिकवणं आणि इथं शिकवणं यात फरक काय, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ताई, आपण तुम्हाला कधी 'का' विचारलं नाही. इथल्या पोरी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारतात."

माखनचोरी शिकवताना एक सहा वर्षांची चिमुरडी म्हणाली, "पण यशोदेनं त्याला उखळाला बांधणं बरोबर आहे का?" घुंघटाची गत शिकवताना दुसरी जरा मोठी मुलगी अडून बसली. "तिनं तोंड का झाकायचं? मी नाही करणार." आता हिला काय सांगायचं? शास्त्रातली उत्तरं तिथं चालत नाहीत. आमच्या पोरीनं काय केलं माहितीये? तिनं अकोल्याचा मे महिना सांगितला. मोर्णेच्या काठचं आमचं गाव उन्हाळ्यात कसं तापतं, स्कूटीवर निघालेल्या पोरी डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी कशी गुंडाळतात, नुसते डोळे तेवढे दिसतात आणि त्या डोळ्यांवरूनच मैत्रिणी एकमेकींना कशा ओळखतात, ते करून दाखवलं. पोरी हसून हसून लोटपोट. मग म्हणाली, "आता नुसत्या डोळ्यांनी मला सांगा, तुम्ही कोण आहात." आणि घुंघट त्यांना जमला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पाहत होते. तीस वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

तिथल्या मुलांना भाषेचीही अडचण. ठुमरीतले ब्रज भाषेतले शब्द आपल्यालाच कुठे सगळे कळतात! मग त्यांना कसे कळणार? पण मराठी मुलींसाठी एक गंमत आहे. तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांनी, भरतनाट्यम्‌साठी चक्क मराठीत रचना केल्या. आचार्य पार्वतीकुमारांनी त्यावर अभ्यास केला आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनीही ही परंपरा पुढे नेली. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तमिळ मुलखात मराठी शब्दांवर नाच होत होता. घरापासून दूर गेलेल्या माणसांनी आपली भाषा नाचात जपायची, हे आपल्याकडे जुनंच आहे म्हणायचं.

आमच्या पोरीनं त्यात आपली भर घातली. तिनं रुक्मिणीचं पत्र बसवलं. भागवतातली ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न रुक्मिणीला नको असतं. ती एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र पाठवते, की मी देवीच्या दर्शनाला येईन, तिथून मला घेऊन जा. तिथल्या प्रेक्षकांना हिनं नाचाआधी सांगितलं, की रुक्मिणीचं कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी आमच्या अमरावती जिल्ह्यात आहे. आणि कृष्णानं तिला नेलं ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, असं आमच्याकडे मानतात. एक म्हातारे गृहस्थ नंतर येऊन म्हणाले, "मी बडनेऱ्याचा. चाळीस वर्षं इथं आहे. आज पहिल्यांदा कुणी माझ्या जिल्ह्याचं नाव स्टेजवरून घेतलं." त्यांचे डोळे भरले होते म्हणे.

असं सगळं गोड गोडच असतं असं समजू नका. तिथल्या एका मंडळाच्या दिवाळीत तिला पंधरा मिनिटं दिली होती. जेवण लांबलं, भाषणं लांबली, आणि ऐन वेळी "सहाच मिनिटं घ्या हं, पुढे लकी ड्रॉ आहे" असं सांगितलं. मानधन म्हणून शाल आणि नारळ. वर "फिल्मी गाण्यावर बसवलं असतं तर लोकांना जास्त मजा आली असती," हा सल्ला फुकट. मी म्हटलं, यात परदेश कुठे आला? आमच्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये मी हे चाळीस वर्षं ऐकतेय! नाच शिकवणाऱ्या बाईला वेळ असतोच आणि तिला पैशाची गरज नसते, ही समजूत इथून तिथवर सारखीच.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, क्लास स्क्रीनवर गेला. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे सगळ्यांनी मिळून समेवर यायचं म्हणजे दहा जणींच्या दहा समा! मग प्रत्येकीनं आवाज बंद ठेवून आपापल्या घरी नाचायचं आणि शिक्षिकेनं नुसते पाय बघून चुका काढायच्या. त्याचा एक फायदा मात्र झाला. अमेरिकेतल्या रविवार सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, मीही अमरावतीहून त्यांना पढंत शिकवायला लागले. न भरलेल्या अर्जानंतर छत्तीस वर्षांनी मी परदेशात शिकवायला गेले, ते अशी. घरातल्या चटईवर बसून, पंख्याखाली.

तर त्या फोननंतर मी दोन दिवसांनी पोरीला गाठलं. आधी जरा रागावूनच बोलले. "आईला असं फोनवर सांगतात का? त्या माउलीला काय वाटलं असेल!" मग हिशेब विचारला. क्लासवाल्या बाईनं भावनेवर बोलू नये, हिशेबावर बोलावं, असं माझं मत झालंय. तिनं सगळं सांगितलं. बेचाळीस विद्यार्थिनी आहेत. एका नृत्यशाळेतला लाकडी फरशीचा हॉल आठवड्यातून चार दिवस भाड्यानं मिळतोय. कुणी पडलं-लागलं तर म्हणून विमा काढलाय. व्हिसाचा परवाना स्वतःच्या व्यवसायालाही चालतो, हे वकिलाला विचारून घेतलंय. घरात दोन वर्षं पुरेल एवढी शिल्लक आहे आणि नवऱ्याशी बोलणं झालंय. एवढं नीट तर मी माझा क्लास काढतानाही केलं नव्हतं.

"पण नोकरी आणि क्लास दोन्ही चाललंच होतं की," मी म्हटलं.

जरा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, माझ्याकडे चार मुली आहेत, पंधरा-सोळा वर्षांच्या. त्यांना आता आठवड्याला एक तास पुरत नाही. एक तर तुमच्या-माझ्यापेक्षा पुढे जाईल. तिला 'अभ्यास आहे, वर्षभर बंद ठेव' असं सांगायचं, नाही तर मीच तिच्यासाठी वेळ काढायचा. तुम्ही मला बंद ठेवायला सांगितलं होतं ना दहावीत? मी परत आले ताई, पण वैशाली, मंजू, सगळ्या जणी कुठे आल्या?"

मला बोलताच येईना. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे तर जास्तच लागलं.

तिला मी लंडनच्या प्रताप पवारांची गोष्ट सांगितली. बिरजू महाराजांचे शिष्य, तिथं जाऊन कथक शिकवत राहिले. त्यांच्याकडे एक बांगलादेशी आई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तो मुलगा म्हणजे आज जगभर नावाजलेला नर्तक अक्रम खान. न्यू जर्सीतच आपली अर्चना जोगळेकर आहे. 'निवडुंग' सिनेमातली तीच. आई आशा जोगळेकरांकडे कथक शिकली, सिनेमात नाव कमावलं आणि तिथं जाऊन कथकची शाळा काढली. परदेशातल्या क्लासमधून उद्या कोण निघेल, ते शिकवणाऱ्याला आधी कुठे ठाऊक असतं?

ज्यांच्या मुली-सुना नाच शिकून परदेशी निघाल्या असतील, त्यांना अनुभवाचे दोन शब्द सांगते. परीक्षांची सर्टिफिकेटं जपून न्या, तिथल्या पालकांना ती दाखवावी लागतात. बोलांच्या वह्या न्या, सगळंच पाठ राहत नाही. व्हिसावर कमाई चालते की नाही, हे लेखी विचारल्याशिवाय एक डॉलरसुद्धा घेऊ नका. सिमेंटवर किंवा फरशीवर रोज ततकार करू नका, गुडघे जातात. खाली लाकूड हवंच. आणि शिकवण्याच्या नादात स्वतःचा रियाज सोडू नका. मी सोडला होता. त्याची भरपाई होत नाही.

वहिनींना काय सांगायचं, ते मात्र फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडली, पूर्वीसारखी. अकोल्याला उतरले तेव्हा प्लॅटफॉर्मवर गरम वाफा येत होत्या. वहिनींनी पन्हं दिलं. जठारपेठेतलं तेच घर, आता दोन खोल्यांत एकटीच बाई. साहेब जाऊन सहा वर्षं झाली.

मी त्यांना पोरीचा सगळा हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "पैशाचं नाई वो ताई. तिचे बाबा म्हणायचे, पोरीच्या जातीले स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाह्यजे. म्हनून शिकवलं. आता ते नोकरी सोडते म्हने, तं मले वाटलं, त्यायचं सांगणं वाया गेलं."

"वहिनी," मी म्हटलं, "पायावरच तर उभी आहे ती."

त्या हसल्या, पण डोळे पुसत. मग मी त्यांना वत्सला जोशींची गोष्ट सांगितली. मुलगी सोडली नाही, पण अडवलीही नाही. वहिनींनी दोनदा विचारलं, "एवढीशी पोरगी, अन् बोटीनं तिकडं पाठवली? त्या माउलीले झोप येत असन का वो?" मी म्हटलं, "नसेल येत. तरी पाठवली."

"मी तिचा नाच एकदाच पाह्यला," वहिनी म्हणाल्या. "प्रमिलाताई ओक हॉलमधी. ते बी अर्धा. पाहुणे येणार होते, म्हनून उठून आली मी. ते अजून बोलते मले त्यावरून." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर कूलरची घरघर चालू होती.

निघताना मी चपला घालत होते, तर त्या आतून उशीचा जुना अभ्रा घेऊन आल्या. वरची गाठ सोडली. आत तेच घुंगरू, एका पायाला शंभर असे दोन. पितळ काळवंडलेलं, पण दोरी शाबूत.

"जूनमधी जाऊन राहिली मी तिच्याकडं. तिकीट काढलं पोरानं," त्या म्हणाल्या. "हे चिंचेनं घासले तं निघतीन ना? अन् वजन किती भरन वो याचं, ताई?"

"दोन-तीन किलो तरी असेल. का हो?"

"नाई, बॅगमधी तेवीसच किलो चालते म्हनतात. लोणच्याची एक बरणी कमी करतो मंग."